प्रश्न पूर्ण होण्याआधीचं उत्तर

पाईकराव सर,

तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले. कॉलेजात शोकसभा झाली. प्राचार्यांनी तुमचा जन्म, शिक्षण, नोकरीची सालं असा एक कागद वाचून दाखवला आणि त्यातलं एक साल चुकवलं. तुम्ही असतात तर मागच्या बाकावरून हात वर केला असता. चार-पाच जण बोलले, सगळे तुमच्या शिस्तीबद्दलच बोलले. मला उभं केलं तेव्हा मी दोन वाक्यं बोलून खाली बसलो. लोकांना वाटलं, कदम सरांचा गळा दाटला. तसं नव्हतं. मला जे सांगायचं होतं ते सभेत सांगण्याजोगं नव्हतं. ते तुम्हालाच सांगायचं होतं आणि पाच वर्षं राहून गेलं होतं.

मी हिंगोलीला रुजू झालो तेव्हा इतिहास विभागात आपण दोघंच. तुम्ही प्रमुख, मी नवा. घरी सांगितलं तेव्हा बापूंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एवढंच विचारलं, "कोन पाईकराव? साखऱ्याचे?" मी हो म्हणालो. बापू आमच्या गावचे पाटील. नंतर महिनाभर त्यांनी माझ्या नोकरीची चौकशीही केली नाही. ही गोष्ट मी तुम्हाला कधी सांगितली नाही. सांगायची गरजही नव्हती. अशा गोष्टी तुम्हाला न सांगता कळायच्या, आणि कळल्या तरी तुमच्या बोलण्या-वागण्यात त्याचा मागमूस नसायचा.

पहिल्याच आठवड्यात तुम्ही बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या ट्यूटोरियल वह्यांचा गठ्ठा माझ्यापुढं ठेवलात. आधुनिक भारताचा पेपर, विषय तैनाती फौज. मी तीन दिवसांत सगळ्या वह्या तपासून आणल्या. वीसपैकी कुणाला दहा, कुणाला तेरा. तुम्ही एक वही उघडली, दुसरी उघडली, मग चष्मा काढून माझ्याकडं बघितलं.

"कदम, वाचल्या का ह्या?"

"वाचल्या की सर."

"मग ह्ये काय हाय?"

बाजारातल्या गाईडात छपाईची चूक होती. एके ठिकाणी 'तैनाती फौज'च्या जागी 'तैनाती मौज' असं छापलं होतं, आणि सत्तावीस पोरांनी ते जसंच्या तसं उतरवलं होतं. सत्तावीस वेळा मी त्यावर बरोबरची खूण करून पुढं गेलो होतो. तुम्ही हसला नाहीत. दुपारभर बसून प्रत्येक वहीत 'मौज'खाली तांबड्या शाईची रेघ मारली आणि समासात एकच शब्द लिहिला, 'कोणाची?' पोरं आठवडाभर एकमेकांना तेच विचारत हसत होती. मला मात्र हसू येत नव्हतं.

त्यानंतर तुम्ही मला तपासायला शिकवलंत. "शिकवायला समदे शिकतेत," तुम्ही म्हणायचात, "तपासायला कोनी शिकवत न्हाई." पहिलं वाचन हातात पेन न घेता करायचं. पोरगं कुठं स्वतःचं बोललं ते वाक्य हुडकायचं, चुकीचं असलं तरी चालेल. तिथून मार्क सुरू करायचे. आणि समासात शेरा नाही लिहायचा, प्रश्न लिहायचा. तुमच्या प्रश्नांत 'कशावरून?' हा इतक्यांदा यायचा की पोरांनी तुमचं नावच 'कशावरून सर' पाडलं होतं. तुम्हाला ते ठाऊक होतं. एकदा वऱ्हांड्यात एक पोरगं दुसऱ्याला म्हणालं, "कशावरून सर आले," तर तुम्ही जाता जाता त्याला विचारलंत, "कशावरून?" तो बिचारा पळालाच.

माझ्या थोरलीच्या वेळी बायकोची तब्येत बिघडली आणि मी पंधरा दिवस नांदेडला अडकलो, तेव्हा माझे सगळे तास तुम्ही घेतलेत आणि माझ्या वाट्याचा गठ्ठाही तपासलात. परत आलो तर गठ्ठा टेबलावर, वर चिठ्ठी: 'यातल्या चार वह्यांवर मी मार्क दिलेले नाहीत. पोरं तुमची आहेत, तुम्ही ठरवा.' आभार मानायला लागलो तर तुम्ही म्हणालात, "लेकरू कसं हाय ते सांगा आधी." आभार मानायचे राहिलेच. आता मानतो.

मग दुष्काळाचं वर्ष आलं. अर्धा वर्ग दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचा आणि आठवड्यातून दोन दिवस कॉलेजात यायचा. पोरांच्या हातावर फोड, डब्यात रेशनच्या मिलो ज्वारीची तांबडी भाकर. टर्म मिळायची तर ट्यूटोरियल द्यावंच लागायचं. ते नाही तर परीक्षेचा फॉर्म पुढं जात नव्हता. मी तुम्हाला म्हणालो की या वर्षी सरसकट पास करू, पोरांची तकलीफ बघवत नाही.

"माझ्याबी हाताला फोड आले व्हते कदम, मॅट्रिकच्या साली," तुम्ही शांतपणे म्हणालात. "त्याचे मार्क मागायला मी कोनाकडं गेलो न्हाई. पोरांनला काम असं देऊ की गाईड लागनार न्हाई, पुस्तक लागनार न्हाई. मग बघू."

आणि तुम्ही विषय दिलात: 'निजामाचा अंमल संपला तेव्हा माझ्या गावात काय बदलले? घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाला विचारून लिहा.' वह्या आपण दोघांनी वेगवेगळ्या तपासायच्या आणि मग मार्क जुळवायचे, असं ठरलं. वह्या आल्या त्या हातानं लिहिलेल्या, डाग पडलेल्या, अशुद्ध, पण गाईडाचं एक वाक्य कशात नव्हतं. तुम्ही पहिल्यांदाच एका बैठकीत पूर्ण गठ्ठा वाचलात. मध्येच म्हणालात, "आता खरं हाय बरं का ह्ये." तुम्हाला एवढं खूश मी आधी पाहिलं नव्हतं.

त्या गठ्ठ्यात वत्सलाची वही होती. वत्सला वाठोरे, हिंगोलीत मामाकडं राहून शिकणारी, वर्गात तोंडातून शब्द न काढणारी पोरगी. ती माझ्याच गावची. तिच्या घरच्यांना मी ओळखत होतो, पण ती माझ्या वर्गात बसते म्हणजे काय, याचा विचार मी कधी केला नव्हता.

तिनं आजीला विचारून लिहिलं होतं. निजामाचा अंमल गेल्यावर गावात झेंडा लागला, पाटलांनी भाषण केलं की आता सगळे सारखे. गयाबाईनं, म्हणजे तिच्या आजीनं, लांब उभं राहून ते ऐकलं. दुपारी ती गावच्या विहिरीवर गेली. पाटील तिथं आले आणि त्यांनी तिची भरलेली मातीची घागर डोक्यावरून पाडून फोडली. निबंधाचं शेवटचं वाक्य होतं, 'त्यामुळे माझ्या गावात काय बदलले, या प्रश्नाचे उत्तर आजीने दिले नाही.'

मी ती वही दोनदा वाचली आणि वीसपैकी अठरा दिले. तुम्ही नऊ दिले होतेत.

मार्क जुळवायला बसलो तेव्हा तुम्ही दोन्ही आकडे बघितलेत. "हे पाटील म्हंजे?"

"माझे वडील."

तुम्ही पेन खाली ठेवलंत. "मग तुमी ही वही तपासायलाच नको व्हती."

"सर, पोरीनं खरं लिहिलंय. मला माहीत आहे गावात काय होतं ते."

"तुमाला माहीत असंल. वहीत कुठं हाय? आजीनं सांगितलं आन हिनं उतरवलं. गाईडाचं उतरवलं तर आपन मार्क कापतो, आजीचं उतरवलं तर काहून देतो?" मग म्हणालात, "कदम, राग नका धरू. हे अठरा तुमी पोरीला न्हाई दिले. सोताला दिले."

मला राग आला. मी म्हणालो, तुमच्याच समाजाची पोरगी, तिनं कधी नव्हे ते तोंड उघडलं, तर तुम्ही नऊ देता. त्यावर तुम्ही जे बोललात ते मी अजून दर वर्षी गठ्ठा उघडताना आठवतो. "तिला कीव म्हनून दिलेला एक मार्क बी उद्या तिच्या विरुद्ध वापरतेत. मला ठाऊक हाय, माझ्या विरुद्ध वापरलेत. तिचं लिहिनं असं पायजे की पाटलाच्या पोरालाबी खोडता येऊ नये."

वत्सलाला बोलावून तुम्ही वही परत दिलीत. "आजीला विचारलं, चांगलं केलं. आता ज्यानं घागर फोडली त्याला विचार. तो हाय अजून. विचार, आन तो काय म्हनतो ते जसंच्या तसं लिही." ती खाली मान घालून उभी होती. मग हळूच म्हणाली, "मी विचारू, सर? त्यांच्या दारात जाऊन?" तुम्ही म्हणालात, "व्हय. तू."

मी तिथंच बसलो होतो. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

इथून पुढचं तुम्हाला मी सांगितलं नव्हतं, सर. रविवारी ती जाणार होती. मी शनिवारी दुपारची नांदेड गाडी धरली, डोंगरकड्याला उतरलो आणि दोन कोस चालत गावी गेलो. बापू ओट्यावर बसले होते. मी त्यांना सांगितलं की उद्या वाठोऱ्यांची पोरगी येईल, विहिरीचं विचारील. तुम्ही म्हणा, आठवत नाही.

बापू म्हणाले, "मला आठवतं की."

"तरी म्हणा. कॉलेजातलं काम आहे. लिहून ठेवतील. माझी तिथं नोकरी आहे."

बापू त्यावर काही बोलले नाहीत.

मी स्वतःला समजावलं होतं की हे मी त्यांना वाचवायला करतो आहे, आणि थोडं पोरीलाही. बापूंच्या तोंडून काही वेडंवाकडं निघालं तर तिला लागेल. माणूस अशी कारणं गाडीत बसल्या बसल्या तयार करतो. डोंगरकडा येईपर्यंत माझी तीन तयार झाली होती.

रविवारी वत्सला आली. तिची आई बरोबर होती, ती फाटकाबाहेर लिंबाखाली थांबली. बापूंनी माझ्या आईला चहा ठेवायला सांगितला. वत्सला ओट्याच्या पायरीवर बसली. वर ये, असं तिला कुणी म्हणालं नाही, मीही नाही. तिनं वही उघडली आणि म्हणाली, "पाटील, झेंडा लागला त्या दिवशी दुपारी विहिरीवर माझी आजी..."

"न्हाई ध्यानात," बापू म्हणाले. "लई वर्सं झाली."

चहा आला, तो तिनं प्यायला, कप स्वतः विसळून पालथा ठेवला आणि गेली.

पुढच्या आठवड्यात वही आली. पहिला निबंध जसाच्या तसा होता आणि खाली एक पान वाढलं होतं. 'मी पाटलांना विचारले. पाटील म्हणाले, ध्यानात नाही. हे उत्तर त्यांनी माझा प्रश्न पूर्ण होण्याआधी दिले. पाटलांना आठवत नाही. माझ्या आजीला आठवते. दोघांच्या वयात दोन वर्षांचे अंतर आहे.'

तुम्ही पंधरा दिलेत. दुसऱ्या परीक्षकाच्या जागी मीही निमूट पंधरा लिहिले. वही मिटताना मी पाहिलं, 'प्रश्न पूर्ण होण्याआधी' या शब्दांखाली तांबडी रेघ होती. समासात मात्र काही लिहिलं नव्हतं. मी ठरवलं की तुम्हाला ते वाक्य आवडलं असेल, म्हणून रेघ मारली असेल. तुम्ही आवडलेल्या वाक्याखाली कधी रेघ मारत नव्हतात, हे मला चांगलं माहीत होतं.

त्याच उन्हाळ्यात नांदेडहून पेपर तपासणीच्या बैठकीवरून परतताना आपली गाडी वारंगा फाट्याला बंद पडली. दुसरी गाडी येईपर्यंत दोन तास आपण हॉटेलच्या बाकावर बसलो होतो, आणि मी तो विषय पुन्हा काढला. आपलं एवढं मोठ्यानं भांडण त्याआधी झालं नव्हतं, नंतरही नाही. हॉटेलवाला दोनदा बाहेर येऊन बघून गेला.

मी म्हणालो, "सर, एकोणीस वर्षांच्या पोरीला त्या दारात पाठवणं हा निर्दयपणा होता. पंधरा मार्कांसाठी?"

"तिला त्या दारात मी न्हाई पाठवलं. ती त्या गावचीच हाय. ते दार तिच्यासमोर रोज हाय. फकस्त जाताना मान खाली घालून जायची, त्या दिवशी वही घेऊन गेली."

"मग तुम्ही का नाही गेलात? तुम्ही प्राध्यापक. तुम्ही विचारलं असतंत तर बापूंना टाळता आलं नसतं."

"मी गेलो असतो तर पाटील माझ्याशी बोलले असते. शिकलेला मानूस म्हनून वर खुर्चीत बी बसवलं असतं. आन मग ती पोरगी पुन्हा भाईरच." तुम्ही चहाचा कप ठेवलात आणि माझ्याकडं नीट बघितलंत. "तुमी व्हता न्हवं तिथं. तुमी काय केलं?"

मी म्हणालो, "मी काय करणार?"

तेवढ्यात गाडी आली. मला आजही वाटतं, पोरीला पाठवण्यात तुमची चूक होती. तुम्ही तिच्या हिमतीवर भरवसा ठेवलात, पण ती हिंमत तिला किती महागात पडली हे विचारलं नाहीत. हे मी तुमच्यापुढं शंभरदा मांडलं असतं. पण माझी बाजू मांडायला लागलो की माझा शनिवार आडवा यायचा आणि मी गप्प बसायचो. वाद अर्धा राहिला तो त्यामुळं.

बापू जाऊन आता दोन वर्षं झाली. त्या रविवारनंतर त्यांनी माझ्याशी विहिरीचा विषय काढला नाही आणि मीही नाही. तुम्ही तिसऱ्या दिवशी गावी आला होतात. मी इतक्यांदा गावी चला म्हणायचो आणि तुम्ही 'काम पडू द्या, येतो' म्हणायचात. काम पडलं ते हे. पोरंबाळं जमली होती तिथं तुम्ही अर्धा तास बसलात. निघताना एवढंच म्हणालात, "मानूस खरा व्हता तुमचा बाप." मला वाटलं, मयताच्या घरी माणूस असंच बोलतो.

आणि मग तुमची कावीळ. नांदेडच्या दवाखान्यात मी तीनदा आलो. तिसऱ्यांदा वहिनी पाणी आणायला खाली गेल्या होत्या. मी खुर्ची जवळ घेतली आणि म्हणालो, "सर, ते वत्सलाच्या वहीचं... बापूंकडं ती गेली त्याच्या आदल्या दिवशी..."

तुम्ही हात वर केलात. डोळे पिवळे झाले होते, पण बोलणं स्वच्छ होतं. "कदम, ते मला न्हाई सांगायचं."

मी समजलो, दमला आहात. विषय बदलून विभागाचं काहीबाही सांगत बसलो. प्रश्नपत्रिका कोण काढणार यावर तुम्ही हसलातही. चौथ्यांदा येण्याची वेळ आली नाही.

शोकसभा संपल्यावर मी विभागाच्या खोलीत आलो. वत्सला दारात उभी होती. आता ती सेनगावकडच्या एका शाळेत शिक्षिका आहे. "जयभीम सर," म्हणाली, आणि पिशवीतून चार कागद काढून माझ्यासमोर ठेवले. "पाईकराव सरांनी सांगितलं होतं, कदम सर स्वतः विषय काढतील तेव्हा द्यायचे. पाच वर्षं झाली. आता सरच नाहीत, म्हणून आणले."

तुम्ही तिला पुन्हा बापूंकडं पाठवलं होतंत, सर. परीक्षा झाल्यावर, सुट्टीत, मी गावात नसताना. मार्कांचा काही संबंध उरला नव्हता. ती एकटी गेली होती, आणि या वेळी बापूंनी तिला ओट्यावर बसवलं होतं. तिनं लिहिलं होतं:

'पाटील म्हणाले, व्हय, म्या फोडली. सकाळी झेंडा लावला तवा समदे टाळ्या वाजवत व्हते. दुपारी घागर फोडली तवा कोनी काई बोललं न्हाई, म्हनून मला वाटलं, बराबर केलं. मी विचारले, घागर भरलेली होती ना? पाटील म्हणाले, न्हाई, रिकामी व्हती, भरू कुठं दिली. मी घरी येऊन आजीला पुन्हा विचारले. आजी म्हणाली, रिकामीच व्हती बाई. भरलेली म्हनलं की तेवढं तरी पानी आपल्या हाताला लागलं, असं वाटतं. माझ्या पहिल्या निबंधात घागर भरलेली असे लिहिले आहे. ती चूक मी दुरुस्त करते.'

बापू तिच्याशी बोलले होते. माझ्याशी ते कधीच बोलले नाहीत, कारण बोलू नका म्हणून मीच सांगितलं होतं. आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही निघताना जे म्हणालात ते या कागदावरून म्हणाला होतात.

शेवटच्या पानाखाली तुमचं अक्षर होतं. 'पहिल्या वेळी पाटलांना आठवत नव्हते, दुसऱ्या वेळी आठवले. मध्ये त्यांची स्मृती सुधारली, की पहिल्या उत्तराला दुसरे काही कारण होते? हे विद्यार्थिनीने विचारलेले नाही. विचारण्याजोगी व्यक्ती उपलब्ध आहे.' त्याखाली: 'पहिले परीक्षक, सोळा. दुसरे परीक्षक,' आणि पुढं कोरी रेघ.

"ती व्यक्ती कोण, हे सरांनी सांगितलं का तुला?" मी विचारलं.

"नाही. म्हणाले, ती आपण होऊन सांगंल. घाई करू नको." मग म्हणाली, "मला त्या रविवारीच वाटलं होतं, सर. पाटील बोलले ते तुमच्याकडं बघून बोलले."

मी तिला बस म्हणालो, आणि कागद आहे का विचारलं. होता. मग मी शनिवारची गाडी, दोन कोस चाल, ओटा, माझं वाक्य, बापूंचं वाक्य, सगळं सांगितलं. ती भरभर लिहीत होती. तुमच्या वर्गात शिकलेली पोरगी. मध्ये कुठं 'जाऊ द्या सर' म्हणाली नाही. लिहून झाल्यावर तिनं विचारलं, "कुणी सांगितलं होतं तुम्हाला, जा म्हणून?"

"नाही. माझ्या मनानं गेलो."

"मग पाटील काय म्हणाले त्यावर?"

सर, वर मी लिहिलं आहे की बापू त्यावर काही बोलले नाहीत. गेली पाच वर्षं मी स्वतःलाही तसंच सांगत आलो. ते बरोबर नाही. बापू बोलले होते. माझी नोकरी, कॉलेज, हे सगळं ऐकून त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "ह्येच शिकवतो का रं तू पोरांनला?"

वत्सलानं ते वाक्य लिहून घेतलं. मला पूर्ण वाचून दाखवलं. एका ठिकाणी मी दुरुस्ती सुचवली, ती तिनं केली. मग कागद माझ्यापुढं सरकवला. तुमच्या आकड्याखालची दुसऱ्या परीक्षकाची रेघ मी तशीच कोरी ठेवली, आणि तिनं बोट ठेवलं तिथं, जबाबाखाली, सही केली.